खडकवासल्यातील नद्या आणि समुद्रतळाची राख

गाळाने भरलेले पाणी कसे वाहते आणि गाळ कुठे टाकते, याचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा पुण्यात शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचे ठिकाण म्हणजे मुठेकाठचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, खडकवासला धरणाच्या अगदी खाली. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या तलावाला इंग्रज अमदानीत कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावाने ‘लेक फाइफ’ म्हणत. उंचावरचा साठा हाताशी असल्यामुळे प्रयोगांना पाणी उताराने मिळे आणि वापरलेले पाणी सोडायला खाली नदी होतीच. जागेची निवड याच सोयीने झाली.

हे पाणी मुळशी आणि त्याला लागून असलेल्या मावळपट्ट्यातले. मुठा मुळशी तालुक्यात उगम पावते, टेमघरचे धरण तिच्यावरच आहे, आणि मोसे नदीच्या वरच्या खोऱ्याचा मोठा भाग याच तालुक्यात येतो. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून जेमतेम साठ किलोमीटरवरच्या पुण्यात त्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपासच पडतो. एवढे पाणी ज्या डोंगरांवरून उतरते ते पूर्णपणे ज्वालामुखीचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा पसरला आणि त्यातून सह्याद्रीचा काळा कातळ तयार झाला. घाटांतल्या कापीव कड्यांत दोन काळ्या थरांच्या मध्ये लालसर मातकट पट्टे दिसतात. एक लाव्हा थंड होऊन त्याच्यावर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात उघड्यावर कुजलेल्या खडकाची ती माती. या भागातला लाव्हा जमिनीवर वाहिला, पाण्याखाली नव्हे, हे त्या पट्ट्यांवरून कळते.

हा कातळ कुजला की त्याच्यातून तीन तऱ्हेचा माल निघतो: गोटे, भरड वाळू आणि अतिबारीक चिकण माती. गोटे तळाशी घरंगळत जातात, वाळू उड्या घेत जाते आणि माती पाण्यात मिसळून दूरवर पोचते. धरण झाले की ही वाटणी बदलते. जड माल साठ्याच्या तोंडाशीच थबकतो, बारीक माल भिंतीपर्यंत येतो. साठा किती वर्षे टिकणार, कालव्यात किती वाळू शिरणार, बंदराची खोली किती लवकर कमी होणार, हे सगळे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतात: कोणता कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो.

संस्थेची सुरुवात मात्र गाळातून झाली नाही. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने ‘स्पेशल इरिगेशन सेल’ या नावाने एक छोटी शाखा काढली. दुष्काळी भागाला पाणी देणाऱ्या दख्खनच्या कालव्यांवर सिंचनाची पद्धत सुधारायची, एवढेच तिचे काम. नीरा डाव्या कालव्याखाली उसाची लागण वाढली तशी काळी जमीन पाणथळ होऊ लागली आणि तिच्यावर क्षार फुटू लागले. निचऱ्याचा हा प्रश्न तेव्हा सर्वांत निकडीचा होता. शाखेची धुरा क्लॉड कॅव्हेंडिश इंग्लिस या आयरिश अभियंत्याकडे होती. १८८३ मध्ये जन्मलेले इंग्लिस १९०६ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आले आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी याच प्रांतात झाली. पाणी मोजायचे म्हणजे आधी ते मोजण्याची साधने तपासायला हवीत. त्यासाठी कालव्यांच्या लहान प्रतिकृती बांधल्या गेल्या. प्रतिकृती हाताशी आल्यावर मोठे प्रश्न आपोआप तिच्याकडे वळले.

जगात हे शास्त्र तेव्हा नवेच होते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये मँचेस्टरला मर्सी नदीच्या खाडीची वाळूची प्रतिकृती केली होती, आणि ह्यूबर्ट एंगेल्स यांनी १८९८ मध्ये ड्रेस्डेनला नद्यांसाठी कायमची प्रयोगशाळा उघडली होती. अमेरिकेचे व्हिक्सबर्गचे प्रसिद्ध केंद्र मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरानंतर उभे राहिले. म्हणजे पुण्याची संस्था त्याच्या आधीची. फरक आणखी एक होता. युरोपात अभ्यासल्या जाणाऱ्या नद्या बहुधा बांधलेल्या, शिस्तीतल्या. पुण्यात आल्या त्या सिंधू आणि गंगा, म्हणजे एका पावसाळ्यात मैलभर सरकणाऱ्या आणि कालवे वाळूने भरून टाकणाऱ्या नद्या.

सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तिथे सक्करला सिंधू नदीवर बांधलेला लॉइड बराज १९३२ मध्ये सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत उजव्या तीरावरचे कालवे वाळूने भरू लागले. हा प्रश्न पुण्याच्या प्रतिकृतीवर मांडला गेला. त्याचे उत्तर नदीच्या वळणात होते. वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या तीराकडे जाते, आणि तळाचे सावकाश पाणी सगळी वाळू घेऊन आतल्या तीराकडे सरकते. कालव्याचे तोंड बाहेरच्या बाजूला असेल तर वरचे स्वच्छ पाणी त्यात येते. आतल्या बाजूला असेल तर नदी आपली वाळू त्याच्या पदरात टाकते. सक्करला नदी सरळ करून भागणार नव्हते, तिला हवे तसे वळण द्यायला हवे होते. प्रतिकृतीवर निरनिराळी वळणे करून पाहिल्यावर उजव्या कालव्यांसाठी वळणदार प्रवेशमार्ग आखला गेला. हिशेबाच्या वहीत हे उत्तर सापडले नसते. पाण्याचा हा आडवा फेर तेव्हाच्या सूत्रांत कुठेच बसत नव्हता. तळाची वाळू कुठे जाते ते डोळ्यांनी पाहणे हाच त्याला शोधण्याचा मार्ग होता.

दुसरा मोठा प्रश्न हार्डिंज पुलाचा. पद्मा नदीवरच्या या रेल्वे पुलाचा उजवीकडचा मार्गदर्शक बांध १९३३ मध्ये फुटला. नदीने असे का केले आणि पुढे काय करील, हे शोधायला त्या पात्राची प्रतिकृती पुण्याला झाली. अशा प्रतिकृतीत ठराविक अंतरावर नदीच्या छेदाचे साचे उभे करत, त्यांच्या कडेने वाळू सारखी करून पात्र घडवत आणि वरून मोजून पाणी सोडत. आधी पूर्वी येऊन गेलेला पूर सोडायचा. नदीने तेव्हा जिथे खोदले तिथेच प्रतिकृतीत खोदले गेले, जिथे वाळू टाकली तिथेच वाळू पडली, तर ती विश्वासाला पात्र. मगच पुढच्या पुराबद्दल तिला विचारायचे. ही कसोटी इंग्लिस यांनी फार कसोशीने पाळली, आणि पुण्याच्या कामाची खरी प्रतिष्ठा त्यातच आहे. प्रतिकृती नदीशी कुठे जुळत नाही याची नोंद ते जुळणाऱ्या गोष्टींइतक्याच काळजीने ठेवत.

न जुळण्याचे कारण आकारमानात आहे. नदी शंभरपट लहान केली, लांबी-रुंदी-खोली सारख्याच प्रमाणात, तर गुरुत्वाचा नियम पाळून पाण्याचा वेग दहापट कमी होतो. आता वाळू? ०.२ मिलिमीटरचा कण शंभरपट लहान केला तर तो ०.००२ मिलिमीटरचा होतो. तो वाळूचा राहतच नाही. चिकण मातीचा होतो. त्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात, गुठळ्या होतात, तळ घट्ट बसतो. उलट खरी वाळूच वापरली तर लहानशा प्रतिकृतीतल्या मंद पाण्याला ती हलवता येत नाही. जो पुण्याच्या पात्रात हलेना तोच कण पद्मेत टनांनी वाहत होता.

यावर दोन उपाय निघाले. पहिला, खोलीचे प्रमाण वेगळे ठेवायचे. समजा आडवे अंतर तीनशेपट आणि खोली साठपट लहान केली, तर उतार पाचपट तीव्र होतो आणि पाण्यात वाळू हलवण्याइतका जोर येतो. अशा प्रतिकृतीत काळही आक्रसतो. समुद्राच्या एका भरती-ओहोटीला सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात; इथे ती जवळजवळ १९ मिनिटांत उरकते. एका दिवसाच्या कामात महिनाभराच्या नसल्या तरी दोन आठवड्यांच्या आसपास भरत्या बघता येतात. याची किंमत अशी, की काठ वाजवीपेक्षा उभे होतात आणि वळणावरचा आडवा फेर बिघडतो. म्हणजे सक्करला जो परिणाम निर्णायक ठरला, तोच अशा प्रतिकृतीत सर्वांत आधी चुकतो. इंग्लिस यांच्या लिखाणात या विकृतीचा विचार पुन्हा पुन्हा येतो तो यामुळेच.

दुसरा उपाय जास्त सखोल आहे. कणाचा आकार लहान करण्याचा हट्ट सोडून त्याचा खाली बसण्याचा वेग योग्य प्रमाणात कमी करायचा. शंभरपट लहान प्रतिकृतीत तो वेग दहापट कमी हवा. बारीक गाळाच्या बाबतीत हा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे कण साधारण सव्वातीनपट लहान केला तरी पुरते. किंवा कण तेवढाच, पण हलक्या पदार्थाचा घ्यायचा: कोळशाचा चुरा, अक्रोडाच्या कवचाची भुकटी, पुढे प्लास्टिकचे दाणे. दिसायला भरड असलेला हलका दाणा पाण्यात बारीक वाळूसारखा वागतो. पाण्याच्या दृष्टीने कण म्हणजे त्याचा बसण्याचा वेग, बाकी ओळख दुय्यम. गाळाच्या प्रयोगशाळांनी शिकलेली ही गोष्ट पुढे एका अगदी निराळ्या शास्त्राला उपयोगी पडली.

१९३६ मध्ये भारत सरकारने संस्था आपल्याकडे घेतली. सिंध त्याच वर्षी मुंबईपासून वेगळा झाला होता आणि प्रश्न तर आता सगळ्या देशातून येत होते. १९४५ मध्ये इंग्लिस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. नंतर ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या नव्या जलसंशोधन संस्थेचे, पुढे वॉलिंगफर्ड या नावाने ओळखल्या गेलेल्या केंद्राचे, पहिले संचालक झाले. पुण्याच्या तीस वर्षांच्या प्रयोगांचे सार त्यांनी नद्या आणि कालव्यांचे वर्तन व नियंत्रण या विषयावरच्या ग्रंथात मांडले. १९४९ मध्ये तो पुण्याच्या संस्थेनेच प्रसिद्ध केला. ब्रिटनच्या जलसंशोधनाचा पाया घालणारा माणूस आपली विद्या मुठेकाठी शिकला होता, याची आठवण पुण्यात फारशी कुणी काढत नाही. काढायला हवी.

फाळणीत सक्कर आणि हार्डिंज पूल हे दोन्ही पाकिस्तानात गेले. ज्या नद्यांनी संस्थेला घडवले त्या सीमेपलीकडे राहिल्या, पण काम थांबले नाही. कोसी, फराक्का, हुगळीचे मुख, मुंबई बंदर असे प्रश्न खडकवासल्याला येत राहिले. संचालक डी. व्ही. जोगळेकर यांनी नद्यांचे वर्तन आणि त्यांना वळण लावण्याचे उपाय यांवर संपादित केलेला मार्गदर्शक ग्रंथ १९५६ मध्ये निघाला आणि भारतीय अभियंत्यांच्या दोन पिढ्यांच्या हाती राहिला. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आयोगाने संस्थेला प्रादेशिक प्रयोगशाळा म्हणून मान्यता दिली.

या इतिहासाला मुळशीत एक दुसरी बाजू आहे. खडकवासल्यापलीकडे डोंगरांच्या पश्चिमेला, मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ टाटांचे धरण उभे राहत होते. त्याचे पाणी कड्यावरून भिऱ्याच्या वीजघरात सोडायचे होते. मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात बुडणार होत्या, आणि १९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला; लढ्याचे नेते बापट यांना ‘सेनापती’ हे नाव त्यातूनच मिळाले. पाणी आणि गाळ यांचे गणित प्रतिकृतीत मांडता येते. बुडालेल्या भातखाचरांचे मोल तिच्यात येत नाही, आणि ते कोणी तरी निराळे मोजायला हवे होते.

आता वर म्हटलेल्या त्या निराळ्या शास्त्राकडे. नदीत पाणी गाळाच्या कणाला वाहून नेते. त्याच्या उलट प्रकार तलावांत आणि समुद्रात घडतो: गाळामुळे पाणीच जड होते आणि स्वच्छ पाण्याखालून, तळाला धरून, स्वतःच्या वजनाने उतरत जाते. स्वित्झर्लंडचे फोरेल यांनी १८८५ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात ऱ्होन नदी अशी बुडताना पाहिली. अमेरिकेत हूव्हर धरणाच्या मागे पाणी साठू लागले तेव्हा, १९३५ मध्ये, वर निळेशार सरोवर असताना भिंतीच्या खालच्या दारांतून गढूळ पाणी बाहेर पडले. शंभराहून जास्त किलोमीटर ते तळालगतून आले होते. मग धरणांच्या साठ्यातून असा प्रवाह ओळखून तो वेळीच खालच्या दारांतून सोडून द्यायचा, ही कल्पना पुढे आली. तसे केले तर गाळ बसण्याआधीच बाहेर जातो.

समुद्रात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर होते. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला आणि त्यानंतर तेरा तासांहून अधिक काळ एकेक करून समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या तारा तुटत गेल्या, उतारावर आणखी खोल, आणखी दूर. हीझन आणि ईविंग यांनी १९५२ मध्ये या वेळांवरून दाखवले की तारा तोडत जाणारा गाळाचा प्रवाह होता. त्याआधी, १९३६ मध्ये रेजिनाल्ड डेली यांनी समुद्रातल्या दऱ्या अशा प्रवाहांनी कोरल्या असाव्यात असे सुचवले होते. डच भूशास्त्रज्ञ फिलिप कुएनन यांनी ते ग्रोनिंगेनच्या टाकीत करून पाहिले. चिखलपाणी स्वच्छ पाण्याच्या टाकीत सोडले की त्याचे पुढचे टोक फुगीर होऊन तळाने धावते. पाण्यापेक्षा ते फक्त एक टक्का जड असले तर गुरुत्वाचा प्रभावी जोर शंभरावा हिस्सा राहतो. २० सेंटिमीटर जाडीच्या थराचा वेग सेकंदाला १०-१५ सेंटिमीटरच्या घरात येतो, ५० मीटर जाडीच्या थराचा दोन मीटरच्या. म्हणूनच टाकीतला सावकाश ओघळ समुद्रातल्या प्रवाहाबद्दल बोलू शकतो. १९५० मध्ये कुएनन आणि इटलीचे मिलिओरिनी यांनी दाखवले की अशा प्रवाहातून पडलेल्या थरात तळाशी भरड आणि वर बारीक कण येतात. जगभरच्या डोंगरांत दिसणाऱ्या तशा थरांचे कोडे त्यातून सुटले. १९६२ मध्ये आर्नोल्ड बौमा यांनी फ्रेंच आल्प्समधल्या खडकांवरून त्या थराचे पाच भाग नेमके सांगितले.

ज्वालामुखीची भर पडली की गणित अवघड होते. रिचर्ड फिस्क आणि तोकिहिको मात्सुदा यांनी १९६४ मध्ये जपानच्या तोकिवा खडकांत पाण्याखाली झालेल्या उद्रेकाचे थर वर्णन केले. त्यात प्रत्येक थर खालून वर बारीक होत जातो, आणि एकूण थरांची मालिकाही तशीच बारीक होत जाते. पाण्याखाली उडालेला माल एकाच जातीचा नसतो. त्यात जड खडकांचे तुकडे, स्फटिक, काचेची राख आणि फेसाळ, हलके प्युमिस असते. प्युमिसचे वागणे विलक्षण आहे. थंड तुकडा पाण्यावर तरंगतो, पण व्हिटम आणि स्पार्क्स यांनी १९८६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, तापलेला तुकडा पाण्यात पडताच त्याच्या छिद्रांतली वाफ थंड होऊन पाणी आत ओढले जाते आणि तो बुडतो. त्यामुळे एकाच थरात मोठाले प्युमिस आणि बारीक जड स्फटिक शेजारी सापडतात. मापाने पाहिले तर सगळा गोंधळ, पण बसण्याच्या वेगाने पाहिले तर पक्की निवड. नदीच्या प्रतिकृतीत माणसाने कोळसा घालून जे मुद्दाम केले, ते इथे निसर्गाने स्वतःच केलेले असते.

२००८ मध्ये कांतेली, जॉन्सन, व्हाइट आणि पार्कर यांनी अशा उद्रेकांची नक्कल पाण्याच्या टाकीत केली: गाळ-पाण्याचा झोत पाण्यात सोडायचा, तो कोसळून तळाने पसरला की उरलेला थर कापून कण तपासायचे. पार्कर हे मुळात नद्यांच्या गाळाचे अभ्यासक, हे इथे महत्त्वाचे आहे. पॅसिफिकमधल्या हुंगा टोंगा ज्वालामुखीच्या १५ जानेवारी २०२२ च्या उद्रेकाने या प्रयोगांना खऱ्या मोजमापांची जोड दिली. कोसळलेला माल थेट पाण्यात शिरून समुद्रतळाने पसरला आणि त्याने तारा तोडल्या. तुटण्याच्या वेळांवरून त्याचा वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास निघाला. १९२९ ची तीच पद्धत, पण वेग त्याहून अधिक.

मुळशीच्या खडकांत पाण्याखालचा ज्वालामुखी सापडत नाही. तो पाहायला मुंबईला जावे लागते. दख्खनच्या मुख्य उद्रेकानंतर मुंबई बेटाच्या जागी उथळ पाणी होते आणि लाव्हा त्यात शिरला. सुखेसवाला आणि पोल्डरव्हार्ट यांनी १९५८ मध्ये मुंबई परिसराच्या बेसाल्टांचे, म्हणजे याच काळ्या कातळाचे, सविस्तर वर्णन केले. पाण्यात झटकन थंड झालेला उशांसारखा गोल लाव्हा आणि फुटलेल्या काचेचे थर बेटावर आहेत, आणि त्यांच्यामध्ये पाण्यात बसलेली राख आणि चिखल. वरळीच्या अशाच गाळाच्या खडकांत एकोणिसाव्या शतकात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांना नाव दिले. त्या तळ्यात राख कशी बसली, हा प्रश्न आकाराने लहान, पण जातीने तोकिवाचाच.

खडकवासल्यात आज प्रतिकृतींच्या जोडीला संगणकी गणित चालते. बंदराचा विस्तीर्ण भाग संगणकावर मांडतात, आणि धरणाच्या दाराजवळचा गुंतागुंतीचा भाग अजूनही सिमेंट आणि वाळूत घडवतात. दोन्हींना लागणारा पहिला आकडा मात्र प्रत्यक्ष गाळाचाच असतो. त्यासाठी नदीतून किंवा खाडीतून आणलेला नमुना पाण्याच्या उभ्या नळीत सोडतात आणि कण तळाशी पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात.